‘विकली’ हा शब्द मागे घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहणारी, अडुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. माझी नणंद पुण्यात कोथरूडला असते. रोज सकाळी ती आपल्या दैनिकाची पानं मला फोनवर पाठवते आणि दुपारची जेवणं आटोपली की मी ती अक्षरं मोठी करून वाचते. अग्रलेखाआधी वाचकांची पत्रं वाचायची, ही माझ्या वडिलांपासूनची सवय.

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१. सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला ४८ पैकी ३० जागा जिंकलेली आघाडी पन्नासच्याही आत आली. निकाल धक्कादायक होता, लोक चकित झाले, चिडले, मतदानयंत्रांवर शंका घेऊ लागले. ते मी समजू शकते. पण त्यानंतरच्या चार दिवसांत आपल्या पत्रांच्या सदरात एकच वाक्य वेगवेगळ्या सह्यांनी येत राहिलं, की बायकांनी ‘लाडकी बहीण’ योजनेच्या महिन्याच्या दीड हजारात मतं विकली. निकालाच्या संध्याकाळी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला, त्यांनीही हेच सांगितलं: “वहिनी, तुमच्या मामांची योजना आमच्याकडे आणली आणि बायका विकल्या गेल्या.” दीर शिकलेले आहेत, मनाने चांगले आहेत. मी फोनवर वाद घातला नाही. रात्री झोप लागेना, तेव्हा हे पत्र लिहायचं ठरवलं.

‘विकली’ हा शब्द मी गेल्या वर्षी हिंदीत ऐकला होता. ३ डिसेंबर २०२३, रविवार. आमच्याकडे मध्य प्रदेश विधानसभेची मतमोजणी एमएलबी कॉलेजात होती. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं: २३० पैकी भाजप १६३, काँग्रेस ६६. त्या संध्याकाळी बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य बाजारात, औषधं घ्यायला गेले, तेव्हा दुकानातला एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होता, “औरतें बिक गईं, साढ़े बारह सौ में.” दुकानात मी एकटीच बाई होते. मी काही बोलले नाही याची टोचणी अजून आहे. म्हणून या वेळी बोलते.

आमच्या घरी कामाला येते तिच्याबद्दल लिहिते. नाव देत नाही, छापून यावं असं तिला वाटत नाही. वय सत्तेचाळीस, माहेर भिंडकडचं, नवरा दाल बाजारात हमाली करतो. चार घरची धुणीभांडी, झाडू-पोछा. मला ‘बहनजी’ म्हणते, कारण तिची मोठी मुलगी माझ्या वर्गात होती. २०२३ च्या जानेवारीत आमचे तेव्हाचे मुख्यमंत्री, सगळ्यांचे ‘मामा’, शिवराजसिंह चौहान यांनी बायकांना दरमहा पैसे देणारी ‘लाडली बहना’ योजना जाहीर केली, मार्चच्या अखेरीस अर्ज सुरू झाले. अट अशी होती, की खातं बाईच्या एकटीच्या नावावर हवं, नवऱ्याबरोबरचं संयुक्त खातं चालणार नाही. तिचं खातं होतं ते नवऱ्याबरोबरचं. पासबुक नवऱ्याकडे, आणि त्यावर तिचा अंगठा.

ती मला म्हणाली, “बहनजी, मोय नाम लिखवो सिखाय दो.” मी सदतीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावली, पण या बाईने जुन्या परीक्षेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर आठ दिवस जे गिरवलं त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. भांडी झाली की ओले हात पदराला पुसायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचं. तिच्या नावातला जोडाक्षराचा भाग दर वेळी निसटायचा. नवव्या दिवशी आम्ही दोघी बँकेत गेलो आणि तिने सही केली. मग समग्र आयडीत, म्हणजे आमच्या राज्याच्या ओळख क्रमांकात, एक आडनाव आणि आधारवर दुसरं निघालं, त्यासाठी वॉर्डात दोन खेपा. मग ई-केवायसी. मग खात्याला आधार जोडून डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची सोय, चालू करणं, त्यासाठी पुन्हा बँक. एवढ्या खेपांत तिचे तीन खाडे झाले आणि एका घराने त्याचे पैसे कापले. फुकटचे पैसे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहून बघावं. महाराष्ट्रातही यंदा जुलै-ऑगस्टमध्ये हेच चाललं होतं, आधार जोडण्यासाठी बँकांसमोर बायकांच्या रांगा. नणंदेकडची बाई दोन दिवस रांगेत होती.

१० जून २०२३ ला पहिले हजार रुपये आले. राखीला अडीचशे जास्त आले, ऑक्टोबरपासून हप्ता साडेबाराशेचा झाला. मतदानापर्यंत सहा हप्ते आणि राखीचे मिळून पावणेसात हजार. त्यातून तिने सराफ्यात तीन वर्षं गहाण पडलेल्या आपल्या तोरड्या सोडवल्या. उरले त्यात धाकटीची बारावीची फी भरली. नवऱ्याने एकदा मागितले, तेव्हा ती म्हणाली, “जे मेरे नाम को पैसा है.” हे तिने मला भांडी घासता घासता सांगितलं, पाठमोरी, हात न थांबवता. तिच्या लग्नाला तीस वर्षं झाली. हे वाक्य तिने त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं.

आता दुसरी बाजूही सांगते. त्याच घरात तिचा मोठा मुलगा पदवीधर, पटवारी म्हणजे तलाठी भरतीच्या परीक्षेला बसलेला. निकालाबद्दल आरोप झाले आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने नेमणुका थांबवल्या. पोरगा सकाळपासून मोबाइल घेऊन ओट्यावर बसायचा. तिचा जीव तुटायचा. “एक हात से दे रहे, दूसरे से लड़का बिठा दिया,” असं ती म्हणाली होती. सिलिंडर, तेल, नळाला येणारं पाणी, सगळ्यावर तिचं मत होतं, आणि बरंच तिखट होतं. १७ नोव्हेंबरला ती मत द्यायला गेली, तेव्हा हे सगळं बरोबर घेऊन गेली असणार. तिने कोणाला मत दिलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आणि इथेच माझा मुख्य प्रश्न आहे. बायकांनी काय केलं, हे आपल्या पत्रलेखकांना कसं कळलं?

१९९८ पासून निवृत्तीपर्यंत विधानसभा असो, लोकसभा असो, मला जवळजवळ दर वेळी निवडणुकीची ड्यूटी लागत असे. बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घ्यायचा आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची. हजारो बायकांची बोटं मी हातात घेतली आहेत. शेणाने फुटलेली, मेंदी लावलेली, चुन्याने पांढरी झालेली, कधी थरथरणारी. भितरवारकडच्या एका खेड्यात, २००८ सालची गोष्ट. एक माणूस बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, “इसे कुछ नहीं आता, मैं दबा दूँगा.” तिचा घूंघट छातीपर्यंत. आमचे पीठासीन अधिकारी साधे माणूस होते, पण त्या क्षणी उठून उभे राहिले आणि म्हणाले, आत ती एकटीच जाईल. नवरा दाराशी थांबला, तोंडाने सूचना देत राहिला, मग त्याला दाराबाहेर काढलं. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ काही आवाज नाही. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. पीठासीन अधिकारी म्हणाले, घेऊ द्या तिला वेळ. मग यंत्राची शिट्टी वाजली. ती बाहेर आली, घूंघट तसाच. नवऱ्याने विचारलं, कहाँ दबाया? तिने मान हलवली, म्हणजे जिथे सांगितलं तिथे. खरं काय, ते तिचं तिला ठाऊक.

त्या आडोशामागे काय होतं ते कोणाला कळू नये, म्हणून कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८, मतदानाची गुप्तता. ड्यूटीवरच्या प्रत्येकाला ते बांधून घेतं. केंद्रावर आम्ही पुरुष किती आणि स्त्रिया किती आल्या याची मोजणी करायचो, दर दोन तासांनी आकडा वर कळवायचा असे. पण मतं मोजताना पुरुषाचं मत आणि बाईचं मत वेगळं निघत नाही. यंत्र तेवढंच सांगतं, की या केंद्रावर या उमेदवाराला इतकी. काही हजार माणसांना विचारून सर्वेक्षणं होतात, त्यांचे अंदाज असतात, ते जरूर वाचावेत. पण अंदाजावरून कोणाला विकाऊ ठरवायचं? मध्य प्रदेशात २०२३ ला बायकांचं मतदान सुमारे ७६ टक्के झालं, पुरुषांचं ७८ च्या वर. महाराष्ट्रातही यंदा बायकांचं सुमारे ६५ टक्के आणि पुरुषांचं त्याहून थोडं जास्तच. दोन्हीकडे पुरुष जास्त टक्क्यांनी मतदानाला गेले. त्यांनी काय घेतलं, असं एकाही पत्रात कोणी विचारलेलं नाही.

माझ्या शहराचाच हिशेब देते. साडेबाराशे रुपये ग्वाल्हेर जिल्ह्याच्या सहाही मतदारसंघांत सारखेच, एकाच तारखेला आले. निकाल काय लागला? ग्वाल्हेर, ग्वाल्हेर दक्षिण आणि भितरवार भाजपकडे, ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर ग्रामीण आणि डबरा काँग्रेसकडे. तीन-तीन. पूर्वमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडच्या कामवालीला तोच हप्ता मिळतो जो माझ्याकडचीला मिळतो, आणि दोघी एकाच दुकानातून किराणा भरतात. पैशाने मत विकत मिळत असतं, तर ते पूर्वमध्ये का मिळालं नाही? तिथल्या बायकांनी पैसे घेतले आणि सौदा मोडला, असं म्हणायचं आहे का? सौदा झालाच नव्हता. सरकारी योजना होती, पात्र होत्या त्यांना मिळाली. मत द्यायचं ते त्यांनी आपापल्या मतदारसंघातला माणूस पाहून, घर पाहून, जात पाहून, राग-लोभ पाहून दिलं. चांगलं दिलं की वाईट, यावर भांडता येईल. पुरुषही तसंच देतात.

शिवाय हा लिलाव असता, तर मत जास्त बोली लावणाऱ्याकडे गेलं असतं. महाराष्ट्रात महायुती २१०० म्हणत होती, महाविकास आघाडी ३०००. ज्यांनी ३००० देऊ म्हटलं, ते हरले. राजस्थानात गेल्या वर्षी गेहलोत यांनी कुटुंबप्रमुख बाईला वर्षाला दहा हजार देऊ असं सांगितलं होतं, तेही हरले. आंध्रात जगनमोहन यांनी पाच वर्षं बायकांच्या खात्यात पैसे घातले, आणि यंदा जूनमध्ये १७५ पैकी ११ जागांवर आले. महाराष्ट्राचा निकाल लागला त्याच दिवशी झारखंडमध्ये हेमंत सोरेन यांची आघाडी ५६ जागांनिशी परत आली. तिथेही ऑगस्टपासून ‘मंईयां सन्मान’चे हजार रुपये खात्यात येत होते. तिथल्या निकालाला मात्र आदिवासी अस्मितेचा विजय म्हटलं गेलं. एकाच दिवशी एका राज्यातली बाई स्वाभिमानी आणि दुसऱ्या राज्यातली विकाऊ, हे कसं, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

माझ्या मते बायकांनी एक साधी गोष्ट केली. दिलेलं आणि देऊ म्हटलेलं यात फरक केला. दहा तारखेला मोबाइल वाजला की नाही, हे त्यांनी पाहिलं. आमच्या आयांनी दूधवाला, वाणी, शिंपी सगळ्यांना याच कसोटीवर पारखलं. यात बुद्धी आहे, विचार आहे.

आता थोडं आमच्याबद्दल, म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांबद्दल. माझ्या यजमानांना पेन्शन आहे, मला आहे. जुनी, पूर्ण पेन्शन. महागाई भत्ता वाढला की आमच्या गच्चीवरच्या संध्याकाळच्या बैठकीत तासभर दुसरा विषय निघत नाही, आणि केंद्राने वाढवला पण राज्याने अजून का नाही, म्हणून सरकारला नावं ठेवली जातात. हिमाचलमध्ये २०२२ ला जुन्या पेन्शनवर निवडणूक फिरली असं सगळ्यांनी लिहिलं. कर्मचाऱ्यांनी मतं विकली असं कोणी लिहिलं नाही, त्याला ‘कर्मचाऱ्यांचा प्रश्न’ म्हटलं गेलं. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संप झाला, त्यातले कित्येक जण आपले वाचक असतील. शेतकऱ्याची कर्जमाफी झाली की तो बळीराजाला दिलासा असतो. आमच्याकडे २०१८ ला दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीच्या आश्वासनावर काँग्रेस आली आणि कमलनाथ यांनी शपथ घेतली त्याच दिवशी त्या फायलीवर सही केली. शेतकऱ्यांनी मत विकलं, असं तेव्हा बाड्यावरच्या त्या दुकानातही कोणी म्हटलं नाही. म्हणणं बरोबरही झालं नसतं. पेन्शन हक्क आहे, कर्जमाफी दिलासा आहे, आणि भांडी घासणाऱ्या बाईचे बाराशे पन्नास मात्र किंमत? ती कर भरत नाही, असंही एका पत्रात होतं. ती माझ्याकडे भांडी घासायला वापरते त्या तेलकट हातांना घरी जाऊन जो साबण लावते, त्यावर २०२४ मध्ये अठरा टक्के जीएसटी होता. खाद्यतेलावर पाच. दुकानदार तिला विचारत नाही, तू लाडली आहेस का.

हा शब्द आमच्याकडे आला कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. २०१८ ला काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या होत्या. मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, २० मार्चला कमलनाथ गेले, २३ तारखेला पुन्हा शिवराजसिंह आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २८ जागांवर पोटनिवडणूक झाली, त्यात तीन एकट्या आमच्या जिल्ह्यात. तेव्हा पहिल्यांदा ‘बिकाऊ की टिकाऊ’ हे आमच्या गल्लीत ऐकू आलं. ते आमदारांसाठी होतं. आमदारांना उत्तर द्यायला मंच होता, वाहिन्या होत्या, विधानसभा होती. ते म्हणाले, आम्ही जनतेसाठी गेलो, आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. ग्वाल्हेरमधून राजीनामा देणारे नव्या पक्षातून पुन्हा निवडून आले, ग्वाल्हेर पूर्व आणि डबऱ्याचे पडले. मतदारांनी एकेकाचा वेगळा न्याय केला. महाराष्ट्रातही २०२२ आणि २०२३ मध्ये काय काय झालं, ते मी सांगायला नको. पण तोच शब्द वरून घरंगळत खाली आला आणि अखेर जिच्याकडे मंच नाही, वाहिनी नाही, तिच्या अंगावर येऊन पडला. ती आपल्या दैनिकाला पत्र लिहिणार नाही. तिला आताशी स्वतःचं नाव लिहिता येतं.

माझ्या हातून घडलेली एक चूकही इथे लिहायला हवी, नाहीतर पत्र अर्धवट राहील. २८ नोव्हेंबर २०१८, बुधवार, मतदानाचा दिवस. मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते, ड्यूटी नव्हती, घरी पाहुणे होते. तिला म्हटलं, भांडी आटपून दुपारी जा मत द्यायला. माझ्याकडून निघून ती दुसऱ्या घरी गेली, तिथेही पाहुणे. ती केंद्रावर पोहोचली तेव्हा पाच वाजून गेले होते, दार बंद. दोन आठवड्यांनी निकाल लागला, आणि आमच्या ग्वाल्हेर दक्षिणमध्ये फक्त १२१ मतांनी आमदार ठरला. १२१. आमच्या दोन गल्ल्यांत याहून जास्त मतदार आहेत. तो आकडा ऐकून मी यजमानांना काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघायला मला धीर होईना. आयुष्यभर बोटांना शाई लावली, आणि माझ्याच घरात काम करणाऱ्या बाईचं बोट त्या दिवशी कोरं राहिलं, माझ्यामुळे. दुकानं-कारखान्यांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचं बंधन आहे, घरकामवालीला ती कोण देणार? २०२३ ला मी तिला आदल्या दिवशीच सांगितलं, उद्या येऊ नकोस. ती सकाळी नवाला आली, कामाला नव्हे, बोट दाखवायला. त्या वेळी आमच्या दक्षिणमध्ये अडीच हजारांच्या आसपास मतांनी निकाल फिरला.

ज्यांना तिच्या मताची एवढी काळजी वाटते, त्या वाचकांपैकी किती जणांनी २० नोव्हेंबरला आपल्या घरच्या बाईला सुट्टी दिली, हे मला विचारावंसं वाटतं.

या योजनांवर टीका करू नये, असं मी म्हणत नाही. निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून त्या येतात, हे उघड आहे. आमच्याकडे निवडणुकीच्या वर्षी जानेवारीत आली, तुमच्याकडे लोकसभेत फटका बसल्यावर जूनच्या अर्थसंकल्पात. इतका पैसा कुठून येणार, शाळा-दवाखान्यांचा कापून येणार का, हे विचारलंच पाहिजे. मी सरकारी शाळेत आयुष्य काढलं, गळकी छपरं पाहिली, मला तो प्रश्न कमी टोचत नाही. पण तो प्रश्न सरकारला विचारा, तिला नका विचारू.

आणि विचारायचंच असेल, तर आमच्या एका वर्षाच्या अनुभवावरून काही सांगते, महाराष्ट्रातल्या बायकांच्या कामी येईल. आमच्याकडे हप्ता हळूहळू तीन हजारांपर्यंत नेऊ, असं सांगितलं होतं. निवडणुकीला वर्ष झालं, तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बाराशे पन्नासच होता. ज्यांनी योजना आणली आणि घरोघरी ‘मामा’ म्हणून जे पोहोचले, त्या शिवराजसिंहांच्या जागी निकालानंतर आठव्या दिवशी डॉ. मोहन यादव यांचं नाव जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी भोपाळमध्ये बायका शिवराजसिंहांच्या गळ्यात पडून रडत होत्या. तुमच्याकडे मुख्यमंत्री कोण, हे मी लिहिते आहे त्या दिवशी अजून ठरायचं आहे. कोणीही झालं, तरी २१०० चं काय, ही विचारणा पहिल्या दिवसापासून करा. आमच्या बायकांनी ती उशिरा केली.

दुसरं नोंदणीचं. आमच्याकडे २०२३ च्या ऑगस्टनंतर एकही नवा अर्ज घेतलेला नाही. साठी पूर्ण झाली की नाव निघतं, पण नवीन नाव चढत नाही. माझ्याकडे येणारीच्या मुलाचं, त्याच पटवारीवाल्याचं, यंदा फेब्रुवारीत लग्न झालं. सून बावीस वर्षांची, सगळ्या अटींत बसते. वॉर्डात गेली, पोर्टल बंद आहे म्हणाले. तीन महिन्यांनी गेली, तेच. सासूला मिळतात, सुनेला नाहीत, आणि दोघी एकाच चुलीवर. मी तिच्या वतीने दोन अर्ज लिहिले, पोचपावती आली, उत्तर नाही. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरला अर्ज बंद झाले. ते पुन्हा कधी उघडणार, आज एकवीस वर्षांच्या झालेल्या मुलींचं काय, हे आपल्या दैनिकाने मुंबईतल्या नव्या सरकारला विचारावं, अशी माझी विनंती आहे. आपण विचारलंत तर उत्तर मिळेल. आमच्यासारख्यांच्या पोचपावत्या नुसत्या जमतात.

बाकी, दहा डिसेंबर जवळ आला आहे. भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत, कियोस्कवरच्या यंत्राला त्या ओळखता येत नाहीत, तीन-तीन वेळा नकार येतो. म्हणून बँकेत जाऊन सहीने पैसे काढायचे असतात, आणि मी बरोबर जाते, म्हणजे खिडकीवरचा माणूस घाई करत नाही. सही ती स्वतः करते. जोडाक्षर आता निसटत नाही.

आपली,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर
२८ नोव्हेंबर २०२४